‘आता इलाज नाही’ याच्या पुढचं काम

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दृष्टिहीनांच्या घरी जाऊन काम करायला तालुका मिळाला, पेट्रोलभत्ता मिळतो आणि यादी मोठी आहे, एवढं कळलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. यादी वरून खाली घेऊ नकोस. ज्यांची दृष्टी गेल्या वर्ष-दोन वर्षांत गेली आहे, ती घरं आधी काढ. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसाच्या घराने आपली घडी बसवलेली असते, बरीवाईट कशीही. पण परवापर्यंत ट्रॅक्टर चालवणारा पन्नाशीचा माणूस ‘आता इलाज नाही’ ऐकून घरी येतो, तेव्हा त्याच्या हातात नुसती फाइल असते. पांढरी काठी, बोलणारा फोन, दाखला, पेन्शन यांतलं काहीच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दवाखान्याचं काम संपलेलं असतं आणि सरकारदरबारी त्याचं नाव अजून लागलेलं नसतं. मधल्या काळात तो बाजेवर बसून राहतो. दोन वर्षं बसला की उठवणं अवघड होतं, आणि घरच्यांनाही तो बसलेलाच बरा वाटायला लागतो. तुझं काम या मधल्या काळातलं आहे.

मात्र ‘इलाज नाही’ असं नक्की कोणी सांगितलं, ते विचार. डॉक्टरांनी की शेजाऱ्यांनी? २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्यांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे तुझ्या यादीतल्या काही आजी-आजोबांना काठीची नव्हे, शस्त्रक्रियेची गरज असणार. ‘वयोमानाने व्हायचंच’ म्हणून घरच्यांनी विषय मिटवलेला असतो. पुण्यात अंधांसाठी १९५२ साली सुरू झालेल्या पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनने पुढे स्वतःचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय उभं केलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. अंधांसाठी काम करायचं तर टाळता येणारं अंधत्व आधी टाळलं पाहिजे.

दाखल्याच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची व्याख्या नुसत्या अक्षरांच्या तक्त्यावर नाही. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६०पेक्षा कमी असेल (इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल) तर अंधत्व, आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही अंधत्वच. रेटिनायटिस पिगमेंटोसाची, म्हणजे कडेची आणि अंधारातली नजर हळूहळू जाणाऱ्या आजाराची मुलं इथेच मार खातात. समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि बाजूने आलेली म्हैस त्यांना दिसत नाही. संध्याकाळी सातनंतर तर काहीच नाही. लोक म्हणतात, नाटक करतोय, पेपर वाचताना पाहिलाय मी त्याला. अशा मुलाच्या अर्जासोबत दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचा कागद असल्याशिवाय त्याला दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे पाठवू नकोस. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आलं की बाकीची दारं उघडतात: संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये, एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, उच्च शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण. अर्ज ऑनलाइन भरलास तरी पावतीचा क्रमांक त्याच्याच फोनमध्ये ठेव. तुझ्या वहीतला क्रमांक तुझी बदली झाली की गेला.

आता घरात शिरल्यावर काय. दारातूनच नाव सांग, कुठून आलीस ते सांग. प्रश्न त्याला विचार. सून उत्तर देईल, मुलगा देईल, शेजारचे काका तर देतीलच. सगळ्यांचं ऐकून घे आणि पुन्हा त्याच्याकडे वळून तोच प्रश्न विचार. दोन-तीन भेटींत घरच्यांच्या लक्षात येतं. निघताना ‘निघते’ म्हणून नीघ, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो आणि पोरं हसतात. आणि पहिल्याच भेटीत योजनांचं भेंडोळं उलगडू नकोस. दिवसातली कुठली एक गोष्ट स्वतःची स्वतः करावीशी वाटते, एवढं विचार. कुणी म्हणेल, परसात एकट्याने जायचंय. कुणी म्हणेल, दाढी. तिथून सुरुवात.

जेवणाचं उदाहरण देतो, कारण अपमान सगळ्यांत जास्त तिथे होतो. घास भरवतात, नाहीतर सगळं कालवून वाडग्यात देतात. खरं तर आपल्याकडे ताट वाढायची रीतच कामाला येते. मीठ वर मधोमध, डाव्या बाजूला चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. या जागा रोज त्याच ठेवल्या की विचारावं लागत नाही. पाण्याचा तांब्याही ठरल्या जागी. घरच्या बाईला हे सांगितलंस तर तिला नवीन काही शिकल्यासारखं वाटत नाही, उलट ‘आमच्या आजी असंच वाढायच्या’ म्हणते.

चालताना त्याचा हात धरून ओढायचं नाही. तुझं कोपर त्याला धरू दे आणि अर्धं पाऊल पुढे चाल. तुझं अंग वळलं की त्याला वळण कळतं. पायरीपाशी क्षणभर थांब, चढायचं की उतरायचं ते सांग. अरुंद बोळात हात पाठीमागे घे, म्हणजे तो आपोआप तुझ्या मागे येतो. काठी शिकवणं मात्र तुझ्या अंगावर घेऊ नकोस. उभं राहिल्यावर छातीच्या मध्यापर्यंत येईल एवढी काठी, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, हे वाचून कळतं. अंगात मुरायला प्रशिक्षक लागतो. नाशिकला सातपूरच्या ‘नॅब’कडे (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) विचार. पुढे कॉलेजात जाणारी मुलं असतील तर पुण्यात मीरा बडवे यांनी १९९६ साली सुरू केलेली ‘निवांत’ ही संस्था आहे. अंधशाळेचं वसतिगृह सुटल्यावर ही मुलं जातात कुठे, या प्रश्नातूनच ती उभी राहिली.

बायकांच्या बाबतीत एक सांगतो. तुझ्या यादीत पुरुष जास्त दिसतील, म्हणून बायकांची नजर चांगली असते असं समजू नकोस. घरातलं काम ती हाताने चाचपून उरकते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. काठी दिली तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरचे ती कपाटावर टाकतात. अशा ठिकाणी काठीआधी फोन दे. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक असतंच, मराठीत बोलतं, वेगळे पैसे पडत नाहीत. माहेरी स्वतः फोन लावता आला की ती पुढचं आपण होऊन मागते. मागितलेली काठी कपाटावर जात नाही.

पैशांचं प्रकरण नाजूक. शंभर, दोनशे, पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक भर बाजारात बोटांना कसा कळणार? कडेच्या उंचावलेल्या तिरक्या रेघा आहेत, शंभराला चार, पाचशेला पाच, पण नोट मळली की त्या बसतात. नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ ॲप इंटरनेटशिवाय चालतं, ते टाकून दे. त्याहून चांगली जुनी युक्ती म्हणजे घरी बसून निवांत घड्या घालणं: पाचशेची उभी, दोनशेची आडवी, शंभराची न दुमडता सरळ.

बँकेत ‘सही करता येत नाही, एटीएम कार्ड देता येणार नाही’ असं ऐकशील. भांडू नकोस. जून २००८चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून पिशवीत ठेव: दृष्टिहीन व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे, चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येत नाही. केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या वेळी ‘कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावा’ म्हणतात, त्याला पर्याय ठेवा असा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आहे, तोही जवळ असू दे. एक पत्ता मात्र लोक विसरतात, तो म्हणजे ग्रामपंचायत. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत तो हिशोब तू मागू नकोस. यादीतल्याच एखाद्याला उभं कर, तू नुसती शेजारी बस.

आणि शेवटी लेखनिक, म्हणजे परीक्षेत मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा. आत्ता हे घाईचं वाटणार नाही, पण दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, आणि आयत्या वेळी नववीच्या पालकांना आपल्या मुलाचा अभ्यास आठवतो. दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांना भेट. एका परीक्षार्थीमागे दोघं तयार ठेव, एक तापाने पडला तर दुसरा. तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. केंद्रावर हे आधी लेखी कळव. गणितासाठी दोघांना एकत्र बसवून एक अख्खा पेपर सोडवून घे. ‘कंसात’, ‘छेदात’, ‘सगळ्याला वर्गमूळ’ ही बोलायची भाषा जुळली नाही, तर येत असलेली गणितं जातात. तुझ्या तालुक्यात यंदा किती मुलं आहेत ते कळव. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षिका सरावाला बसायला तयार आहेत, फक्त रविवार सोडून.

कळावे,
तुझे सर