नकाशा आधी भिंतीवरून खाली उतरवा

मॅडम, तिसरीच्या वर्गात पहिल्याच दिवशी नकाशा टांगू नका. उत्तर दिशा म्हणजे ‘वर’, हे पोरांच्या डोक्यात बसतं आणि सातवीपर्यंत निघत नाही. जमिनीवर पसरा, सूर्य कुठून उगवतो ते विचारून नीट फिरवा.

मग गोदावरी घ्या. ती उगम पावते त्या त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरापासून अरबी समुद्र जवळ, तरी ही बाई १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते? उत्तर सांगू नका. मैदानात ओल्या वाळूचा डोंगर करा, पश्चिमेची बाजू कड्यासारखी उभी, पूर्वेची लांब उताराची. माथ्याच्या किंचित पूर्वेला तांब्याभर पाणी ओता. नंतर किंचित पश्चिमेला ओता, म्हणजे अरबी समुद्राला जाणारी वैतरणा नदीही समजते. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला धो धो पाऊस अन् पूर्वेकडचं सिन्नर कोरडं, हेही त्याच वाळूवर जमतं. ढग पश्चिमेकडून येतात एवढंच सांगा.

राजधान्यांची घोकंपट्टी पालक घरी करून घेतातच.