वाचकांचे प्रश्न : ड्रमरचं गाणं अल्बममध्ये घ्यायचं का?

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे, पहिला अल्बम करतोय. आठ गाणी ठरलीत, सगळी मी आणि आमच्या सिंगरने लिहिलेली. आता ड्रमर म्हणतो माझं एक घ्या, आणि बासवाला जो कधी काही बोलत नाही तोही एक गाणं घेऊन आलाय. मला दोन्ही अल्बमच्या मूडला जाणारी वाटत नाहीत. रिहर्सलला वातावरण पार बिघडलंय. काय करू?
— गिटारिस्ट, कोथरूड

उत्तर : मित्रा, आधी त्या बासवाल्याचं गाणं परत एकदा ऐक, घरी, एकटा बसून, मूड वगैरे सगळं बाजूला ठेवून. का म्हणतोय ते सांगतो. ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' तू ऐकलाच असशील, नोव्हेंबर 1975 मध्ये आला, 'बोहेमियन रॅप्सडी' त्यातलंच. त्यात बारा ट्रॅक आहेत, पाच गायक फ्रेडी मर्क्युरीचे, चार गिटारिस्ट ब्रायन मेचे, एक ड्रमर रॉजर टेलरचा, एक बासवाल्या जॉन डीकनचा, आणि शेवटी ब्रिटनचं राष्ट्रगीत ब्रायनने गिटारवर बसवलेलं. म्हणजे तुझ्यासारखंच, दोघं मोठे लिहिणारे आणि दोघांचं एकेक. आणि मूड म्हणशील तर एका गाण्यात जुन्या मॅनेजमेंटवरचा जळजळीत राग, लगेच पुढे हलकंफुलकं रविवारच्या दुपारीसारखं काहीतरी, मग ड्रमरचं गाडीवरचं प्रेमगीत. कुठे काय जुळतंय सांग! तरी तो अल्बम एकसंध वाटतो, कारण दुसऱ्याच्या गाण्यातही प्रत्येकाने जीव ओतलाय.

डीकनचं ते गाणं म्हणजे 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', बायकोसाठी लिहिलेलं. त्याला त्यात इलेक्ट्रिक पियानो हवा होता आणि फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडायचं नाही, त्याने वाजवायला चक्क नकार दिला. मग डीकनने ते वाद्य घरी नेलं, स्वतः शिकला आणि रेकॉर्डवर स्वतःच वाजवलं. पण गाताना फ्रेडीने हात राखलाय का? ऐक एकदा. वाद्यावरून वाद घातला पण गाणं स्वतःचं असल्यासारखं गायलाय तो. पुढच्या वर्षी ते सिंगल म्हणून, म्हणजे सुट्ट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड म्हणून आलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्या दहात गेलं.

आणि हे सगळं निवांत बसून केलेलं नव्हतं बरं का. त्यांचं आधीचं 'किलर क्वीन' हे गाणं गाजून झालं होतं तरी खिशात पैसे नव्हते, जुन्या मॅनेजमेंटशी करार तोडण्यात वकील गुंतलेले, आणि हा अल्बम पडला असता तर बँड संपला असता असं ब्रायननेच नंतर सांगितलंय. अशा वेळी माणूस स्वतःचंच गाणं पुढे रेटतो, पण त्यांनी बासवाल्याचं गाणं ठेवलं.

आता भांडणाचं. भांडणं त्यांच्यातही झाली, आणि झाली ती पैशावरून. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला आपलं गाणं टाकावं म्हणून रॉजर हटून बसला, कपाटात जाऊन बसला आणि फ्रेडी हो म्हणेपर्यंत बाहेर आला नाही, असा किस्सा ते स्वतःच सांगतात. सिंगल विकली की दोन्ही बाजूंच्या लिहिणाऱ्याला सारखेच पैसे. त्यामुळे फ्रेडीला जेवढे मिळाले तेवढेच रॉजरला, आणि ही गोष्ट बाकीच्यांच्या मनात कित्येक वर्षं सलत राहिली. शेवटी 1989 च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव लागणार फक्त क्वीन. तोवर चौदा वर्षं गेली होती.

तुम्ही हे चौदा वर्षं थांबून करू नका, रिलीजच्या आधीच करा. एक कागद घ्या, गाणंवार लिहा शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के कुणाचे, आणि चौघांनी सह्या करा. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेकडे नाव नोंदवा, 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीवरचा तुमचा हक्क कायद्यात पक्का झालाय. हा कागद झाला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात आणि मग गाणं चांगलं की वाईट एवढंच बोलता येतं. ड्रमरचं गाणं खरंच कच्चं असेल तर तसं तोंडावर सांग, पण आधी एक अख्खी रिहर्सल त्याच्या गाण्याला दे, आणि तुझी गिटार स्वतःच्या गाण्यात वाजवतोस तशी वाजव, अंग चोरून नको.

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही अकरा जणांनी 'बोहेमियन रॅप्सडी'चा मधला ऑपेरावाला भाग गायला, पण आवाज पातळच आला. रेकॉर्डवर तर तिघंच गातात म्हणे. मग तो एवढा भरीव कसा?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तिघंच गातात, बरोबर. खालचे सूर ब्रायनचे, मधला दमदार आवाज फ्रेडीचा, आणि वर आभाळाला टेकणारा तो टिपेचा सूर ड्रमर रॉजरचा, पुष्कळांना तो फ्रेडीच वाटतो. पण खरी गंमत अशी की त्यांनी सूर नुसते वाटून घेतले नाहीत. एक ओळ तिघांनी एकाच सुरात गायची, मग तीच ओळ परत, मग परत. मग त्यावरची दुसऱ्या सुरातली ओळ, तीही तशीच तीनतीनदा. टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज साठवायच्या वेगवेगळ्या पट्ट्या, फक्त चोवीस, म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून एकदोन ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं गायचं. असे मिळून 180 च्या आसपास थर झाले. त्या गाण्याला तीन आठवडे गेले, कधीकधी दिवसाला दहाबारा तास गाणंच. संपलं असं वाटेपर्यंत फ्रेडी अजून थोडे 'गॅलिलिओ' घेऊन यायचा.

टेप तर मशीनवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा तपकिरी थर झिजला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली, असं ब्रायन सांगतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कारण त्या थरातच आवाज साठवलेला असतो, तो झिजला म्हणजे गाणंच झिजतं, मग घाईघाईने कॉपी करावी लागली.

तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं हे, की पुढच्या वेळी रेकॉर्ड कराल तेव्हा एकदा गायलेली ओळ कॉम्प्युटरवर कॉपी-पेस्ट करून दहापट करू नका. तोच आवाज दहा वेळा लावला तर तो फक्त मोठा होतो, भरीव होत नाही. दर वेळी नव्याने गा. श्वास थोडा पुढेमागे होतो, सूर केसभर हलतो, आणि त्या बारीक फरकांमुळेच गर्दी उभी राहते. स्टेजवर अकरा जण हा भाग तसाच्या तसा काढू शकणार नाहीत, त्यात तुमचा काही दोष नाही, खुद्द क्वीनही स्टेजवर तो भाग टेपवरच लावायचे.

प्रश्न : क्वीनच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' अल्बमवर 'सिंथेसायझर नाही' असं छापलं होतं हे खरं का? आणि का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरंय. लोकांना वाटायचं हे आवाज सिंथेसायझरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मशीनचे आहेत, आणि ज्यांनी ते हाताने काढले त्यांना ते लागायचं. लागणारच! 'गुड कंपनी'मध्ये जो जुन्या जॅझचा बँड वाजतो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सगळं, ती सगळी ब्रायनची गिटार आहे, एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून जोडलेली. ती गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली होती, मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ज्या छोट्या अ‍ॅम्पमधून असे आवाज काढले तो डीकनने बनवलेला, त्यातला सर्किट बोर्ड त्याला रस्त्यावरच्या भंगारात सापडला होता. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मधला हार्पही ब्रायनचाच, त्याला ते वाद्य येत नव्हतं म्हणून एकेक कॉर्ड वेगळी वाजवून जोडली, आणि कुणी दार उघडलं की हवा बदलून तारा उतरायच्या, परत लावा. वाजवण्यापेक्षा लावण्यातच जास्त वेळ गेला.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे खरं, की व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, अगदी खरं आहे. जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946, पारशी घर, नाव फारुख बलसारा. लहानपणीच त्याला बोर्डिंगला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं, पियानो शिकला, आणि फ्रेडी हे नावही शाळेतल्या मित्रांनीच पाडलं. तिथे पाच मुलांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड होता. तुमच्या जिल्ह्यातला म्हणून अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही पाचगणीला गेलो की त्या शाळेच्या भिंतीजवळ थोडं रेंगाळावंसं वाटतं. आणि कोथरूडच्या त्या गिटारिस्टनेही हे वाचावं. हेक्टिक्समध्ये मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी पियानोवर बसून त्याला मागून साथ द्यायचा.