पहिला पेशंट गेल्यानंतर

अगं, नर्स झाल्यावर पहिला पेशंट गेला की तुझ्यासारखा देवाचा राग येतोच. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविड वॉर्डात मी एका आजींच्या कानाशी मोबाइल धरून उभी होते. पलीकडे नातू विठ्ठलाचं नाव घेत होता, इकडे रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरत होतं. नंतर चार महिने मी देवघरात दिवा लावला नाही. तूही देवाशी जुळवून घ्यायची घाई करू नकोस.

टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये ‘आघातानंतरची वाढ’, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर माणसात होणारे चांगले बदल, मोजायला 21 विधानांची मापनी मांडली, त्यात अध्यात्मातला बदलही आहे. पण वाढ झाली म्हणून दुःख सरत नाही, दोन्ही एकत्र नांदतात. ‘देवाची इच्छा’ म्हणून कुणी गप्प करू लागलं तर (मेट्रन असली तरी!) मनावर घेऊ नकोस. झोपच उडाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

मी हल्ली ड्युटीआधी हात धुताना आजींचं नाव घेते.