वाचकांचे प्रश्न : वाटेतलं निवांत शहर

प्रश्न : उन्हाळ्यात पाच दिवस गाडीने फिरणार आहोत. वाटेत एक शांत, रमतगमत चालणारं शहर लागतं. तिथे किती थांबावं, केव्हा पोहोचावं?

उत्तर : दोन रात्री थांबा. एकाच रात्रीच्या मुक्कामात संध्याकाळ सामान उतरवण्यात जाते, सकाळ ते चढवण्यात, आणि शहर पाहायचं राहून जातं. दोन रात्रींमुळे मधला एक अख्खा दिवस गाडीला हात न लावता मिळतो. सकाळी नऊच्या आत आणि ऊन उतरल्यावर पायी फिरा, दुपार झोपेची. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते हे मात्र आधीच विचारून ठेवा, नाहीतर नेमक्या त्याच दिवशी सगळी दारं बंद दिसतील.

पहाटे साडेपाचला निघा, दर दोन तासांनी 15 मिनिटं थांबा. ताशी सरासरी 60 धरली तर अकरापर्यंत 300 किलोमीटर होतात. अडचण पुढेच आहे : खोली बहुधा दुपारनंतर मिळते आणि तोवर सामान उन्हात गाडीत राहतं. बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा साधारण 20 अंशांनी चढतं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून सामान ठेवायची सोय होईल का ते विचारा. औषधं, पॉवर बँक आणि स्प्रेचे डबे तर गाडीत ठेवूच नका. इन्सुलिन सोबत असेल तर ते थंड पिशवीत न्या, पण थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. लहान मूल किंवा पाळीव प्राणी पाच मिनिटांसाठीही गाडीत एकटे नकोत.

प्रश्न : महामार्गावर एसी उत्तम चालतो. शहरात शिरून सिग्नलला थांबलो की गरम हवा येते, तापमानाचा काटाही चढतो. असं का?

उत्तर : पहिला संशय पुढच्या पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरून येणारा वारा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर (इंजिनची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) थंड ठेवतो. गाडी थांबली की ते काम पंख्याचं. निघण्यापूर्वीच तपासा : इंजिन चालू, एसी चालू, गाडी उभी; काही क्षणांत पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि मोटर याच क्रमाने पाहायला सांगा. पंखा ठीक असेल तर जाळीत अडकलेली धूळ आणि किडे हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पात्या वाकतात.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण जोरात चालू करा आणि बाजूला घेऊन इंजिन बंद करा. हीटरने माणसं घामाघूम होतील, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे 100 अंशांपुढेही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते उकळून अंगावर उसळतं. किमान अर्धा तास थांबा. मग इंजिन खरोखर थंड लागलं, तरच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहा. नळाचं पाणी फक्त गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतं घाला, कारण त्याने आत क्षार साचतात.

प्रश्न : उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?

उत्तर : नाही. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेला आकडाच ठेवा आणि तो गार टायरवर, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर मोजा. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, त्यामुळे जास्त तापतो, आणि फुटतो तो त्यामुळेच.