नुसतं ऐकून घेणं पुरत नाही गं

अगं, तुझा तो रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. मैत्रिणी म्हणतात तू छान ऐकून घेतेस, तुला माणसं लगेच कळतात, म्हणून सायकॉलॉजी घ्यावी का, आणि पप्पा म्हणतात बीए करून करणार काय. पप्पांचं नंतर बघू. आधी ते ऐकून घेण्याचं डोक्यातून काढ. ऐकून तर तुझी आजीपण घेते. मोजायची तयारी असेल तर सायकॉलॉजी घे, नाहीतर घेऊच नकोस.

मोजायचं म्हणजे काय सांगते. प्रॅक्टिकलला म्युलर-लायर असतं, टोकांना बाण असलेल्या दोन रेघा, एकीचे बाण आत वळलेले, एकीचे बाहेर, त्यामुळे सारख्या असूनही लहानमोठ्या दिसतात, पट्टी सरकवून दोन्ही सारख्या करायच्या. हा भास आहे हे पाठ असलेलं पोरगंसुद्धा चुकतं. मग पट्टी एकदा आतून बाहेर सरकवायची, एकदा बाहेरून आत, एकदा डावीकडे ठेवून, एकदा उजवीकडे, कारण सुरुवात कुठून केली यानेसुद्धा उत्तर बदलू शकतं. मुलं एकमेकांचं जर्नल उतरवून मोकळी होतात आणि माझा जीव तुटतो. साध्या दोन रेघांत डोळा, माहीत असूनही, असा फसतो, तर समोर बसलेलं रडणारं माणूस 'लगेच कळलं' असं तू कशाच्या जोरावर म्हणतेस?

बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघरी जाऊन मानसिक आजारांचं सर्वेक्षण केलं, म्हणून आज आपल्याला माहितीये की आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या १२ मध्ये आपला महाराष्ट्र नव्हता. मोजणारी माणसं लागतात गं! मानसशास्त्रज्ञ कामतांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धीची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली ती नुसत्या मायेने नाही, मुलांना समोर बसवून तपासून.

मला क्लिनिकल सायकॉलॉजीचं, म्हणजे मानसिक आजार तपासून समुपदेशन-थेरपी करण्याचं, एम.फिल. करायचं होतं. सीटा मोजक्या, बंगळुरू-रांची लांब, घरी आई आजारी. राहिलं ते राहिलं, अजून सलतं. पुढे एचआरमध्ये चांगल्या पगाराची नोकरी चालून आली तरी मी कॉलेजची लॅब सोडली नाही, घरचे आजही हेकट म्हणतात. म्हणू देत. पोरांना ती पट्टी नीट धरायला कुणी शिकवलं असतं? मी तिथे होते म्हणून काही जणी तरी आकड्यांना न घाबरता पुढे गेल्या, आणि हे मी कुणापुढेही ठणकावून सांगेन.

बीएने कुणी सायकॉलॉजिस्ट होत नाही, एमए धरूनच चाल. औषधं लिहून देतो तो सायकिॲट्रिस्ट, तो एमबीबीएसच्या वाटेने येतो. क्लिनिकलला जायचं तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं दोन वर्षांचं एम.फिल. हाच मुख्य रस्ता होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल.च बंद करायचं ठरलं, यूजीसीने क्लिनिकलपुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली. तुझी वेळ येईल तेव्हा नियम वेगळे असतील, आरसीआयची साइट स्वतः उघडून वाच, क्लासवाल्यांच्या जाहिरातीवर जाऊ नकोस.

आता पप्पा. त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये. बीए-एमए मिळून ५ वर्षं, क्लिनिकल असेल तर त्याहून जास्त, तोवर हातात फारसे पैसे नाहीत, हे त्यांना सरळ सांग, 'खूप स्कोप आहे' असलं मोघम बोलू नकोस, ते लगेच पकडतील आणि बरोबरच आहे त्यांचं.

आणि फॉर्म भरायच्या आधी लायब्ररीतून स्टॅटिस्टिक्सचं एक पुस्तक आण. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, एवढी गणितं हाताने सोडव, कॅल्क्युलेटर चालेल, मोबाईलमधलं ॲप नको. कंटाळा आला तर हरकत नाही, तो सगळ्यांनाच येतो. पण माणसं समजायला हे कशाला लागतं असंच वाटत राहिलं तर दुसरा विषय घे, मी अजिबात रागावणार नाही. सोडवलेल्या पानांचे फोटो पाठव, मग पुढचं बोलू.