प्रतिस्पर्ध्याबरोबर प्रोजेक्ट करावा का?

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. द्राक्षबागेतल्या डाऊनी या रोगाचा धोका आधी कळावा म्हणून हवामानाच्या नोंदींवरून अंदाज देणारं ॲप तयार करतेय. वर्गातला एक मुलगाही त्याच विषयाच्या मागे आहे. त्याचं ॲप माझ्याइतकं चांगलं नाही, पण पानांचा ओलावा मोजणारं यंत्र त्याने स्वतः बनवलंय. कॉलेजच्या स्पर्धेत तो पहिला आला, मी दुसरी. गाईड म्हणतात, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघांनी मिळून करा. बाबा म्हणतात, कल्पना कुणाला सांगू नकोस, तो घेऊन जाईल. मला पुढे स्वतःची कंपनी काढायची आहे. काय करू?

उत्तर : एकत्र काम कर, पण सगळंच एकत्र करू नकोस. कुठे हातमिळवणी आणि कुठे चुरस, ही हद्द आधी आखून घे आणि ती मुदतीसह कागदावर आण. कंपनी काढायची असेल तर हे आत्ताच शिकलेलं बरं.

तुझ्या क्षेत्रातली सर्वात गाजलेली चुरस म्हणजे मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स आणि ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांची. कोणी कोणाची नक्कल केली, एवढ्यावरच तिची चर्चा बहुतेकदा थांबते. तुझ्या उपयोगाचा भाग त्यापुढे आहे. जगभरची ऑफिसं ज्यावर चालतात ते एक्सेल 1985 मध्ये आधी ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी आलं, विंडोजवर ते आलं 1987 मध्ये. आयबीएम पीसीवर तेव्हा लोटस 1-2-3 या स्प्रेडशीटचा दबदबा होता आणि मायक्रोसॉफ्टच्या मल्टिप्लॅन या स्प्रेडशीटची तिथे डाळ शिजत नव्हती. माउस आणि मेनू असलेल्या पडद्यावर स्प्रेडशीट कशी चालवायची, हे मायक्रोसॉफ्ट प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर शिकली. ॲपललाही त्याची गरज होतीच. 1984 मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा त्यावर चालणारी कामाची सॉफ्टवेअर फार थोडी होती. दोघांना एकमेकांचा धाक होता, म्हणून काम झपाट्याने झालं. आणि एकमेकांची गरज होती, म्हणून ते पूर्ण झालं.

बिघडलं ते कागदावर. नोव्हेंबर 1985 मध्ये ॲपलने पडद्याच्या मांडणीतले काही घटक वापरायची परवानगी मायक्रोसॉफ्टला लेखी दिली. ती विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपुरती आहे, असं ॲपलचं म्हणणं. पण करारातले शब्द असे होते की पुढची सॉफ्टवेअरही त्यात बसत होती. विंडोज 2.0 आल्यावर मार्च 1988 मध्ये ॲपल कोर्टात गेली. वादातल्या 189 घटकांपैकी 179 घटक त्याच परवानगीत येतात, असा निकाल 1989 मध्ये लागला आणि 1994 मध्ये अपीलही ॲपल हरली. परवानगी नेमकी कशाला आणि किती काळ, एवढं सुटसुटीत लिहिलं असतं तर बराचसा वाद टळला असता.

आता याच्याशेजारी ऑगस्ट 1997 चा करार ठेवून बघ. ॲपल तेव्हा प्रचंड तोट्यात होती. बोस्टनच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात जॉब्स यांनी मायक्रोसॉफ्टबरोबर समझोता जाहीर केला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर गेट्स दिसले, तेव्हा ॲपलच्या चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. करार मात्र चोख होता. मायक्रोसॉफ्ट 15 कोटी डॉलर गुंतवणार, पण त्या शेअरना मताधिकार नाही. मॅकसाठी आपला ऑफिस हा सॉफ्टवेअर संच पाच वर्षं काढत राहणार. मॅकवर मूळ ब्राउझर म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर असणार. पेटंटचे वाद एकमेकांना परवाने देऊन मिटवायचे. प्रत्येक कलमात काय द्यायचं ते स्पष्ट आहे. पाच वर्षं सरल्यावर जानेवारी 2003 मध्ये ॲपलने स्वतःचा सफारी ब्राउझर आणला आणि त्यावरून कोर्टकचेरी झाली नाही.

सफारीचं इंजिन, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारा भाग, ॲपलने केडीई या मुक्त प्रकल्पाच्या कोडवर उभारलं होतं. त्याचं नाव वेबकिट. तेच गूगलने 2008 मध्ये क्रोमसाठी घेतलं. आयफोन आणि अँड्रॉइड बाजारात एकमेकांच्या उरावर बसलेले असताना दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर एकाच इंजिनात सुधारणा करत होते. ब्राउझरची अंतर्गत रचना कशी असावी यावर वाटा वेगळ्या झाल्या, तेव्हा एप्रिल 2013 मध्ये गूगलने ब्लिंक नावाने वेगळी शाखा काढली. आधी झालेलं काम दोघांकडेही राहिलं, कारण कोडचा परवाना पहिल्यापासून ठरलेला होता.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये ही हद्द कुठे पडते? यंत्र त्याचं, अंदाज तुझा, मधली नोंद दोघांची. म्हणजे यंत्रातून निघणारी माहिती कोणत्या रूपात यावी, एवढंच सामायिक ठेवा : यंत्राचा क्रमांक, बागेचा क्रमांक, वेळ, तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांचा ओलावा. दर 15 मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 96 नोंदी. अशा जोडकामात घोळ होतो तो याच सांध्यावर, त्यामुळे इथे पहिला आठवडा खुशाल घालवा.

वेळ भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे नोंदीतच लिहा. साडेपाच तासांची गल्लत झाली तर पहाटेच्या दवाला दिवसाचं तापमान चिकटतं आणि अंदाज पार भरकटतो. पानांचा ओलावा त्याच्या यंत्रातून 0 ते 4095 अशा कच्च्या आकड्यात येत असेल. तुला मात्र पान किती मिनिटं ओलं राहिलं ते हवं असतं. हे रूपांतर कोण करणार ते ठरवा. सेन्सर बंद पडल्यावर त्या जागी शून्य जाता कामा नये, जागा रिकामी राहिली पाहिजे. नाहीतर तुझं ॲप पान कोरडं समजून ‘धोका नाही’ सांगेल आणि शेतकरी फवारणी टाळेल. त्याचं यंत्र ईएसपी32 या वायफायच्या चिपवर असेल तर आणखी एक बघा : वायफाय चालू असताना एडीसी2 च्या (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर आकडे घेता येत नाहीत. टेबलावर नीट चालणारं यंत्र बागेत मुकं होतं ते अनेकदा यामुळे. सेन्सर एडीसी1 वर, म्हणजे 32 ते 39 मधल्या पिनांवर जोडायचा.

चुरस अंदाजात ठेवा, आणि खरीखुरी ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर दोघांनीही रोज सकाळी सातच्या आत आपापला अंदाज सामायिक फाइलमध्ये टाकायचा, नंतर त्यात बदल करायचा नाही. बागेत डाग दिसल्याची नोंद शेतकऱ्याने किंवा तुमच्यापैकी नसलेल्या तिसऱ्याने करायची. निकाल नुसत्या टक्केवारीत काढू नका. शंभर दिवसांत दहाच दिवस धोक्याचे असतील, तर रोज ‘धोका नाही’ म्हणणारं ॲपही 90 टक्के बरोबर ठरतं. धोका हुकला किती वेळा आणि उगाच इशारा किती वेळा दिला, हे वेगवेगळं मोजा. पहिल्या चुकीने पीक जातं, दुसरीने औषधाचे पैसे. एकमेकांचे हुकलेले दिवस तपासलेत तर दोघांचेही अंदाज सुधारतील. गाईडनी सुचवलेल्या जोडीचा खरा फायदा इथे आहे.

बाबांची काळजी अनाठायी नाही, पण उपाय वेगळा आहे. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही. तू लिहिलेल्या कोडला मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्याने लिहिल्या क्षणापासून संरक्षण आहे, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याचं कलम 3(k) त्याच्या आड येतं. यंत्राच्या रचनेत नवं काही असेल तर त्याने प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता अर्ज करावा, पूर्ण अर्जासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात. एवढं त्याला तू आपणहून सांगितलंस तर विश्वासाचा अर्धा प्रश्न सुटेल.

मग एका पानाचा कागद करा. कोणता भाग कोणाचा, सामायिक काय, बक्षिसाची वाटणी, अहवालात नावांचा क्रम, शेतकऱ्यांची माहिती कोण आणि कशासाठी वापरणार, एकाने मध्येच सोडलं तर काय. मुदत शेवटच्या परीक्षेपर्यंतची घाला आणि त्यानंतर दोघंही स्वतंत्रपणे कंपनी काढायला मोकळे, हे वाक्य स्पष्ट असू दे. सह्या करा, एक प्रत गाईडकडे ठेवा. सामायिक कोडला एमआयटी किंवा अपाची 2.0 हा मुक्त वापराचा परवाना लावा. परवाना न लावता नुसतं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाकलं म्हणजे ते कुणीही वापरावं असा अर्थ होत नाही. तुझं अंदाजाचं कोड वेगळ्या, खासगी रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेव. प्रत्येकाने आपापल्या खात्यावरूनच कमिट करायचं, म्हणजे आपले बदल नोंदवायचे. एकाच्या लॅपटॉपवरून सगळं चढवलं तर व्हायवात आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीत ‘यात तुझं काय?’ या प्रश्नाला दाखवायला काही उरत नाही.

तो नाही म्हणाला तर रुसू नकोस आणि नोंदीचा आराखडा फाडूही नकोस. तोच आराखडा सार्वजनिक कर आणि बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या हवामान केंद्राच्या नोंदी त्यात बसवून बघ. तुझं ॲप एकाच यंत्रावर अवलंबून राहणार नाही, आणि पुढेमागे त्याला यायचं झालं तर त्याचं यंत्र त्याच आराखड्यात जोडता येईल.