दुसरे देश आपल्याला मानवी हक्कांवर सांगणारे कोण? – माझं उत्तर

ऐरोलीच्या ज्या ताईने वादविवाद स्पर्धेसाठी विचारलंय की जिनिव्हात बाकीचे देश भारताला मानवी हक्कांवर शिफारशी करतात, तो अधिकार त्यांना दिला कोणी आणि त्याने होतं काय, तिच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

अधिकार आपण सगळ्यांनीच दिलाय. २००६ मधे युनोच्या महासभेने मानवाधिकार परिषद काढली तेव्हाच ठरलं की प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा आढावा बाकीचे देश जिनिव्हात घेतील (याला यूपीआर म्हणतात), २००८ पासून ते सुरू झालं, आणि साधारण साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते, १९३ च्या १९३ देशांची. त्यामुळे "आधी स्वतःचं बघा" हा मुद्दा स्पर्धेत घेऊ नकोस, समोरचा एका मिनिटात उडवेल, कारण आपणही सांगतोच ना. फेब्रुवारी २०२३ ला श्रीलंकेची पाळी होती तेव्हा प्रांतांना अधिकार देणारी तुमची तेरावी घटनादुरुस्ती पूर्ण राबवा, प्रांतांच्या निवडणुका लवकर घ्या, हे भारतानेच सांगितलं, आणि तिथल्या तमिळांसाठी ते सांगायलाच हवं होतं.

आता उपयोग. नोव्हेंबर २०२२ मधे आपल्या वेळी १३० देश बोलले, ३३९ शिफारशी आल्या. बैठक साडेतीन तासांची, त्यातली ७० मिनिटं ज्याची पाळी त्याला, म्हणजे बाकी एकेकाला जेमतेम मिनिटभर. त्यात कोणी अभिनंदनच करत बसतो, कोणी नेमकं बोट ठेवतो. बंधनकारक काहीच नाही, देश शिफारस स्वीकारतो नाहीतर "नोंद घेतली" म्हणतो.

पण युनोच्या छळविरोधी कराराचंच बघ. भारताने १९९७ ला सही केली, पण करार देशावर बंधनकारक करणारी अंतिम संमती अजून दिलेली नाही. चारही फेऱ्यांत, २००८, २०१२, २०१७, २०२२, देशांनी हेच विचारलं, आणि संमती द्यायला आम्ही बांधील आहोत असं आपल्या सरकारने तिथे सांगितलेलं आहे. त्यासाठीचं २०१० चं छळ रोखण्याचं विधेयक लोकसभेत पास होऊन पुढे राज्यसभेत अडकलं ते अडकलंच, २०१७ मधे सरकारला कायद्यांवर सल्ला देणाऱ्या विधी आयोगानेही संमती द्या म्हणून अहवाल दिला. मला याचा मनापासून राग येतो, कारण यात कोठडीतल्या माणसाचा जीव आहे.

आणि हेही खरं की कोठडीतल्या माणसाला आज जो आधार आहे तो जिनिव्हातून आला नाही, कोठडीतल्या मृत्यूंवरच्या डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने दिला. अटक झालेल्याच्या हक्कांचा तो मराठी बोर्ड ठाण्यातल्या पोलीस स्टेशनला गेलीस की वाच: नातेवाइकाला कळवायचं, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी. पण बोर्ड पाळला जात नाही तेव्हा सरकारने जगासमोर दिलेला शब्द वकिलाला, पत्रकाराला, संस्थेला हातात धरता येतो. संस्थांचे अहवालही तिथे घेतले जातात, एकट्या संस्थेला २८१५ शब्दांची मर्यादा आहे, त्यासाठी युनोची आधी मान्यता असावी लागत नाही, म्हणजे कळव्यातली छोटी संस्थासुद्धा पाठवू शकते.

स्पर्धेसाठी एकच विषय घे, चारही फेऱ्यांचे अहवाल शेजारी ठेव, कोणी काय म्हटलं आणि आपण काय उत्तर दिलं ते वहीत उतरव. सगळे युनोच्या साइटवर फुकट आहेत, अडलं तर इथेच विचार.